वारा सांगणारा

नेम माझा नव्हता कधीच.
नेम इरगोंडाचा.
मी त्याच्या उजव्या खांद्यामागे, हातभर अंतरावर,
दुर्बिणीला डोळा लावून
वारा सांगायचो.

डावीकडून दोन. थांब.
गवताचं टोक वळलं. दीड.
आता.

एवढंच बोलणं. अकरा वर्षांच्या जोडीत
आम्ही एकमेकांशी जे काही बोललो
त्यातलं निम्मं वाऱ्याबद्दल,
उरलेलं त्याच्या चिकोडीकडच्या तंबाखूबद्दल.

महूच्या बाजारात अब्बास टेलरकडे
लोकवन गव्हाची रिकामी पोती न्यायचो आम्ही.
तो सुतळी उसवायचा, जाळीवर टाके घालायचा
आणि दर वेळी विचारायचा,
"साहब, इसमें आदमी दिखेगा कहाँ?"
पोत्याच्या धुळीनं इरगोंडाला शिंका यायच्या.
म्हणून तो अंगरखा आधी चिखलात बुडवायचा,
मग तीन दिवस गवळ्याच्या गोठ्यात टांगायचा.
म्हशी त्याच्याकडे बघेनाशा झाल्या
की समजायचं, तयार झाला.

पलटणीच्या पुढे दोघंच.
पाणी गुडघ्याला की कमरेला,
टिटवी का ओरडली,
काल सहा चुलींचा धूर होता, आज चारच का,
हे सांगायला आम्ही.
शंभर माणसं मागे,
आमच्या शब्दावर पाय टाकणारी.

आता बेरछ्याच्या माळावर मला बोलावतात
वर्षातून एकदा, चहा-बिस्किटांसह,
जुनी विद्या दाखवायला.
लान्स नायक प्रज्योत शेळके, वय तेवीस,
मांडीवर पडदा घेऊन बाभळीखाली बसतो.
त्याचं पाखरू वर घरघरतं.
त्याच्या यंत्रात वारा आकड्यात येतो,
दशांश चिन्हासकट.
"सर, लपा," म्हणतो. वीस मिनिटं देतो.

पहाटे लपलो.
आकार मोडला, चकाकी पुसली,
सावली झुडपाच्या सावलीत मिसळली.
चार मिनिटांत सापडलो.
पडद्यावर राखाडी माळ आणि त्यात पांढरा मी,
पाटीवर खडूनं गिरवलेला.
थोडं पलीकडे आणखी एक पांढरा ठिपका.
"गरम ते दिसतं, सर. बाकी कायबी लपवा."

ऊन चढेपर्यंत काळ्या मातीवर तळवा ठेवून बसलो.
मे महिना.
आधी गार. मग कोमट.
साडेनवाच्या सुमारास ती ना गार, ना गरम,
म्हणजे माझ्याएवढी झाली.
म्हटलं, आता शोध.

पाखरू फिरलं, फिरलं. बॅटरी बदलली.
दुसरा ठिपकाही गेला होता पडद्यावरून.
शेवटी मीच उठलो, मान आखडली म्हणून.
पोरगा हसला नाही. त्यानं वेळ टिपून घेतली,
मातीचा रंग, भेगांची खोली, अंगावरच्या कापडाचा पोत.
पुढच्या वर्षी ह्याही वेळेला तो मला धरेल.
धरावंच.
त्याच्या जागी असतो तर आज रात्री
मीही झोपलो नसतो.

चहा पिताना म्हणाला,
"पण सर, अर्ध्या तासात माती पुढं जाणार.
ह्याच्यापासून कायमचं कसं लपायचं?"

मी बिस्कीट बुडवलं. तुटलं ते कपात.
त्याला नाही सांगितलं
की वर, एका चौकीखाली, बर्फात
इरगोंडाचा खांदा माझ्या हाताखाली
पहाटेपर्यंत
बर्फाएवढा झाला होता.
ह्याच्या पडद्यावर दिसलं असतं ते.
पांढरं. मग राखाडी.
मग नुसता उतार.
आणि मी त्याला वारा सांगत होतो.
डावीकडून तीन. थांब.
थांब.

जीप आली तेव्हा ड्रायव्हरला म्हटलं,
वळसा घालून काढ.
बाभळीच्या पूर्वेला, साठ पावलांवर,
टिटवी बसलीय.
चार अंडी.