हद्द कायम

परभणीला, जिंतूर रोडच्या मंगल कार्यालयात
शनिवार-रविवार शिबिर. एनएलपीची तोंडओळख.
पत्रात 'व्यक्तिमत्त्व विकास' असं होतं,
जेवण त्यांचं, एसटीचं तिकीट आपलं.
मंचावर कालच्या लग्नातलं थर्माकोलचं 'शुभ' तसंच चिकटलेलं,
'विवाह' गळून पडलेला.

मामीडवार मॅडम नांदेडहून आल्या,
फळ्यावर पहिलं वाक्य लिहिलं :
नकाशा म्हणजे जमीन नव्हे.
मागच्या रांगेतले आम्ही सात भूमी अभिलेखवाले
एकदम हसलो.
जलीलभाई उठून म्हणाले,
'मॅडम, हे तर आमचं रोजचं रडगाणं.
टिपणात नाला सरळ जातो,
शिवारात चार ठिकाणी वळतो,
आणि भांडण वळणावरच होतं.'

'डोक्यातही असंच एक टिपण असतं,' मॅडम म्हणाल्या.
'कुणीतरी, कधीतरी मोजून ठेवलेलं.
तुम्ही अजून त्याच्यावरच चालता.'

मी वहीत लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

जेवणानंतर डोळे मिटायला लावले.
अडवणारा एक आवाज ऐका आतला.
शोधावा लागला नाही.
'तुझ्याच्यानं व्हायचं नाही, लेका.'
वडील. खिल्लारे चेनमन.
साखळीला शेवटपर्यंत जरीब म्हणायचे.
एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या,
ओल्या तुरीत माझ्या हातून कडी सुटली
तेव्हाचं वाक्य. तेवीस वर्षं झाली.

'आता त्या आवाजाचा कान पिळा, रेडिओसारखा.
बारीक करा. लांब न्या.
वाटलं तर कार्टूनचा आवाज द्या त्याला.'
हॉलभर माणसं खुदखुदायला लागली.
कुणाचा हेडमास्तर चिरकत होता, कुणाची सासू.
मीही पिळला.
खोटं नाही सांगत, आवाज बारीक झाला,
बसस्टँडच्या पलीकडे गेला,
अजून एक पीळ, की संपलंच,

आणि हात थांबला.

फोटो आहेत त्यांचे दोन.
आवाज कुठं आहे?
घरात मोबाइल आला त्याच्या आदल्या वर्षी गेले.
बाकी बोलणं विसरलो, हाका विसरलो,
उरलं एवढं एकच वाक्य
त्यांच्या घशासकट, तंबाखूसकट.

चहाच्या वेळी मॅडमना विचारलं,
'पुसायचं नसेल तर?'
त्यांनी बिस्कीट बशीत ठेवलं.
'मग त्याची जागा ठरवा.'
जलीलभाई मध्येच, 'हे सगळं सिद्ध झालंय का पण?'
'नाही,' मॅडम म्हणाल्या. 'बरंचसं नाहीच.
करून बघा, कामाचं तेवढं ठेवा.'
मला त्या तिथं पटल्या.

जागा ठरवणं मला येतं.
मनातल्या मनात प्लेन टेबल मांडलं,
वडिलांना बांधावरच्या बाभळीखाली बसवलं,
बारा साखळ्यांवर.
तिथून ओरडले तर आवाज येतो,
शब्द कळत नाहीत.
हात हलवतायत असंही वाटू शकतं.

दुसऱ्या दिवशी अँकर.
मी वहीत 'खुंट' लिहिलं.
आयुष्यातला एक भरलेला क्षण आठवायचा,
पुरता आठवला की अंगठ्यावर बोट दाबायचं.
मानवतच्या शिवारात, दोन भावांच्या भांडणात,
जुन्या आकड्यावर भरवसा ठेवून मी पहार मारली होती
आणि दोन हात खाली हद्दीचा दगड वाजला होता.
ठण्ण.
भाऊ गप्प. मीपण.
तो ठण्ण आठवून दाबलं.

सोमवारी सेलूकडं मोजणी.
लगतदारानं वकील आणलेला, पुतण्या व्हिडिओ काढतोय,
रोव्हरला उपग्रह सापडेनात.
'जमतंय का साहेब?' मागून कुणीतरी.
मी बोट दाबलं.
काही झालं नाही.
पुन्हा दाबलं. चिमटीत माती होती,
काळी, चिकट, चोळली गेली,
आणि तिकडं बारा साखळ्यांवर
कुणीतरी अगदी असंच करत होतं,
जरीब टाकण्याआधी
ओल बघत.

'थांबा जरा,' मी म्हणालो.
'होईल.'