एक्क्याण्णव सालची गाडी

विल्मा जीनची गोल्फ कार्ट आता चढावर अडते.
चढ म्हणजे तरी काय, ओकीचोबीच्या या सपाट मुलखात
कालव्यावरच्या पुलाला जेवढा फुगवटा आहे तेवढाच.
त्याच्या पलीकडे टपालपेट्या.
गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून माझ्या बहिणीचं जग
त्या फुगवट्याच्या अलीकडे संपतं.

मी सीट उचलली.
खाली उंदराचा संसार, शेंगदाण्याची टरफलं,
१९९८ चं एक तिकीट, कशाचं ते पुसून गेलेलं,
आणि पट्टा, जागोजागी तडकलेला.
मागची पुली फाकवून, फिरवत फिरवत,
पट्टा मी एकट्याने काढला.
क्लचचा बोल्ट मात्र दोघांचं काम.
एकाने क्लच आवळून धरायचा, दुसऱ्याने पाना ओढायचा.

"थर्लला फोन केलाय," ती म्हणाली.
थर्ल हॅस्क्यू. तिचा धाकटा दीर.
सात वर्षांपूर्वी त्याने मला एक होडी विकली होती,
जिचा तळ फक्त रंगाने धरून ठेवला होता.
तेव्हापासून आम्ही
ख्रिसमसलासुद्धा वेगवेगळ्या वेळी जेवतो.

तो आला. टोपी काढली नाही. बसला गवतात.
"धर." "धरलंय." "ओढ."
बोल्ट कुरकुरला, मग आला.
क्लच आला नाही.

नवख्यांना हे कळत नाही.
आत चावी नसते, खाच नसते, खिळा नसतो.
इंजिनाचा दांडा निमुळता, क्लचचं भोकही तसंच निमुळतं.
एकदा ठोकून बसवला की नुसत्या अंगाला अंग लावून
तीस-बत्तीस वर्षं फिरत राहतो.
आम्ही ओढणीचा लांब बोल्ट घातला. पान्याला पाइप जोडला.
थर्ल पाइपवर अक्षरशः लोंबकळला.
मी हातोडा मारला, गॅस दाखवला,
आणि आईने ऐकल्या असत्या तर साबण तोंडात कोंबला असता
अशा चार गोष्टी बोललो.

"पाणी घाला," विल्मा जीन खुर्चीतून म्हणाली.
आम्ही दोघांनी एकाच वेळी तिच्याकडे पाहिलं,
गेल्या सात वर्षांत एकत्र केलेली ही पहिली गोष्ट.
"रॉइस पाणी घालायचा. भोकात पाणी, बोल्टाला नळवाल्याची टेप.
पाण्याला दाबून पाहा. दबत नाही ते."

तिच्याच चहाच्या पेल्यातून पाणी ओतलं, काठोकाठ.
बोल्टाला पांढरी टेप गुंडाळली. घातला. अर्धा फेरा.
एक फेरा.
ठाक्!
कालव्याकाठचे सारस दचकून चार पावलं सरकले.
क्लच थर्लच्या मांडीत, थर्ल पाठीवर,
आणि गंधकाच्या वासाचं ते पाणी माझ्या डोळ्यांत.
कुणी हसलं नाही. विल्मा जीन सोडून.

मग दांडा पुसला. मी सवयीने तेलाची कुपी उचलली.
"तेल नको."
हे त्याचं पहिलं वाक्य, न मागता आलेलं.
"तेलाने घसरतो. कोरडाच बसू दे."
आणि स्वतःच्या शर्टाचं टोक घेऊन
त्याने दांडा परत एकदा पुसला, हळू,
जसं कुणी म्हाताऱ्याचा चष्मा पुसतं.

नवा क्लच बसला. नवा पट्टा चढला.
विल्मा जीनने धन्यवाद वगैरे काही म्हटलं नाही.
बसली, पाय दाबला, निघाली.
फुगवट्यावर गाडी जराही थांबली नाही.

आम्ही दोघं, आणि रिकामी एकच खुर्ची.
त्यात कुणीच बसलं नाही.
थर्ल जुना क्लच हातात फिरवत राहिला,
त्याच्या वजनांचा आत खुळखुळ आवाज.
"ती होडी," तो म्हणाला, "अजून आहे का?"
"आहे."
"कुठे?"
मी कालव्याकडे हनुवटी केली.
"तळाशी."

त्याने बराच वेळ पाण्याकडे पाहिलं.
पलीकडून हॉर्न वाजला. मग परत वाजला.
पुलावर ती, हातात टपालाचा गठ्ठा,
वळायला जागा नाही म्हणून
उलटी येत होती.