सहावा स्क्रू

थुंकी बनवायची कृती माझ्या वहीत पान बारावर आहे.
मीठ शून्य पूर्णांक चार ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड तेवढंच,
कॅल्शियम, फॉस्फेट, एक ग्रॅम युरिया,
सल्फाईड नावापुरतं, पण त्याची बाटली उघडली
की शेजारच्या वर्गातली मुलं खिडक्या लावतात.
वर पाणी, लिटर भरेपर्यंत.
आप्पा म्हणाले, "लोक रस्त्यावर फुकट टाकायलेत,
अन् तू तराजूवर तोलून कामून करायलीस?"

वट्टमवार डॉक्टरांकडून तारा आणल्यात,
दात ओढून रांगेत आणणाऱ्या, केसाहून जराच जाड.
सदतीस अंशांवर बीकरमध्ये त्या बुडून आहेत.
एकात चिंचेचा कोळ, एकात सुपारीचं पाणी,
एकात काहीच नाही, ते नुसतंच गप्प तोंड.
काटा हलला की समजायचं, तार सुटायला लागली,
मुंगीच्या पावलाने.
मग वीज जाते.
आलेख अर्धा राहतो, आणि लांब
जालन्याच्या एमआयडीसीत भट्ट्या धडधडत असतात.

त्या भट्ट्यांपुढे आप्पांची एकोणीस वर्षं गेली.
ट्रकमधून भंगार उतरताना नुसत्या आवाजावरून सांगायचे
कोण कुठवर गंजलंय.
एका रात्रपाळीला बिलेट घसरलं, डाव्या नडगीवर.
घाटीत पट्टी बसवली, सहा स्क्रू.
"स्टेनलेस आहे, काका," शिकाऊ डॉक्टर म्हणाला.
"सायेब, मी स्टीलवाला माणूस.
कुणी इचारीपर्यंत समदंच स्टेनलेस असतंय."

अकरा वर्षं.
थंडीत पाय आतून दुखायचा, हे ते दाराला सांगायचे,
आम्हाला नाही.

पट्टी काढली तेव्हा ट्रेमध्ये मी पाहिली.
वरून लख्ख, कुंकू लावता यावं इतकी.
स्क्रूंच्या डोक्याखाली मात्र, जिथे धातू धातूला टेकतो
आणि अंगातलं खारं पाणी अडकून शिळं होतं,
तिथे टाचणीने टोचल्यासारखे काळे खड्डे.
भोवतीचं मांस करडं.
पाच स्क्रू निघाले. सहाव्याचं डोकं हातात आलं,
धड हाडात राहिलं.
"असू द्या," सर्जन म्हणाले.

मॅडमनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं,
न गंजणारं पोलाद असं काही नसतं.
हवा लागताक्षणी ते स्वतःच थोडं गंजून घेतं
आणि ती डोळ्यांना न दिसणारी साय अंगावर ओढून बसतं.
ओरखडा पडला तर पुन्हा विणतं.
फक्त फटीत, जिथे हवा पोचत नाही,
तिथे त्याला विणता येत नाही.
परीक्षेत मी हे लिहिलं, दहापैकी नऊ मिळाले.
एक मार्क कशाचा गेला ते ट्रेपुढे उभं राहून कळलं.

आप्पा पट्टी घेऊन मोईनभाईच्या भंगार दुकानात गेले.
त्यांनी ती काट्यावर ठेवलीच नाही.
"आसरोबा, माणसातलं लोखंड है ये,
इसका भाव मेरे पास नहीं," म्हणून चहा पाजला.
आता ती आमच्या आपटणाऱ्या खिडकीत पाचर म्हणून बसलीय,
आणि तिथे मात्र छान टिकलीय.

"राह्यलेला तुकडा किती सालं पुरंल?"
मी आकडेमोड करून सांगितलं, "तुमच्याहून जास्त."
खूश झाले. एवढं भरवशाचं
त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

काल सकाळी चूळ भरायच्या आधी
माझी परीक्षानळी मागून घेतली,
तोंड फिरवून तिच्यात थुंकले.
"घे. अस्सल. हिच्यात बुडव तुझी तार."

मी बुडवली.
काटा पान बारावरच्या थुंकीपेक्षा
बराच वर जाऊन थांबला.
का, ते माहीत नाही. बॅटरी उतरली असेल,
नळी नीट धुतली नसेल.
वहीत लिहिलंय:
नमुना सात. पुन्हा तपासणे.