इथून काप

कस्तुरचंद पार्कच्या छत्रीत
कमानीला खांदा टेकवून धापोडकर म्हणाले,
"घाई काहून करतं वं पोरी?
आधी अंधार मोज. मंग उजेड."

मी मोजला.
दगडाची कड, तिच्यावर जुनी पिंक,
पलीकडे मे महिन्यानं पांढरं केलेलं मैदान,
सायकल हातात धरून चाललेलं कुणी.

फुटाळ्याला कमान नव्हती.
नुसतं आभाळ, उघडं, रिकामं.
तू कडुनिंबाची फांदी खाली ओढून धरलीस,
"घे लवकर, मुंगळे चढताहेत."

तळं नीट आलं. पानंही.
डाव्या कोपऱ्यात तुझी तीन बोटं.

धापोडकरांनी पट्टी ठेवली:
इथून काप.

नाही कापला.
तू सोडल्यावर ती फांदी
किती वेळ हलत राहिली,
तेवढं फक्त त्यात नाही.