टाच

चपला खालीच काढायच्या, रानउंबराच्या सावलीत.
वर कड्याच्या पोटात कोरलेलं देवाचं घर,
खाली प्लॅस्टिकच्या चपलांची ओळ,
एकेक जोडी आपापल्या माणसाची वाट बघत बसलेली.
माझीही त्यात. डाव्या पायातलीचा पट्टा तारेने बांधलेला.

लेक आज ऐंशी दिवसांची.
तिग्रायमध्ये मुलीचा बाप्तिस्मा ऐंशीव्या दिवशी,
आणि आमच्या गावचं देऊळ या भिंतीच्या टोकाला.
हागोस खालीच थांबला. त्याच्या गुडघ्यात
अजून एक छर्रा आहे, थंडीत बोलणारा.

कहसाय म्हातारा भाजलेलं जव चघळत बसला होता.
चाळीस वर्षं त्याचं एकच काम:
लोकांच्या टाचा हातात घ्यायच्या
आणि खडकातल्या खोबणीत नेऊन ठेवायच्या.
"कुणी पडलंय का इथून?" मी विचारलं.
"मी टाचा बघतो," तो म्हणाला, "बाकीचं वरच्याला विचार.
पोरीला पाठीशी बांध. घट्ट.
खाली बघू नकोस असं मी सांगणार नाही.
बघशीलच."

भीती मला नवी नाही.
आकाशात घरघर झाली की
हातातलं भांडं मी अजून जमिनीवर ठेवते.
दारावर थाप पडली की श्वास धरते,
दळताना धरते, झोपेतही धरते.
भावाला नेलं त्या रात्रीपासून
देवाकडे एकच मागणं होतं:
ही भीती घे माझ्यातून, मुळासकट उपट.
त्याने नाही घेतली.

जीव मुठीत धरून, म्हणतात लोक.
मला तेही जमेना.
दोन्ही मुठींत खडक होता.
मग जीव ठेवायचा कुठे?

सातव्या खोबणीशी उजवा पाय
शिलाईच्या सुईसारखा थडथडायला लागला.
पाठीवर पोर झोपलेली, तिची लाळ
माझ्या मानेवर ऊन ऊन.
नाकासमोर दगड, आणि दगडात एक खड्डा,
वाटीसारखा गुळगुळीत.
इथे माझ्या आईची बोटं रुतली होती,
मी तिच्या पाठीवर असताना.
तिच्या आईचीही.
किती भ्यायल्या असतील बाया!
न भिणाऱ्याने कशाला इतकं घट्ट धरलं असतं?
भिणाऱ्यांनीच झिजवून केलेली ही वाट.

"डावा पाय," खालून आवाज आला. "सोड."
सोडला.
क्षणभर तो पाय कुणाचाच नव्हता.
मग टाचेखाली एक खरखरीत तळवा,
कोमट, घाई नसलेला,
आणि त्याने मला माझ्याच वजनासकट
जागेवर ठेवलं.

आत अंधार, धुपाचा वास,
छतावर देवदूतांचे नुसते डोळेच डोळे.
अबा तेकेस्तेंनी पाणी ओतलं तशी
पोरीने कडा हादरवणारा टाहो फोडला.
वलेते मरियम, त्यांनी नाव उच्चारलं.
मरियमची लेक.
एग्झिओ, सगळे म्हणाले. प्रभू, दया कर.
मी रोजचं मागणं ओठांवर आणलं
आणि तिथेच थांबले.
भीती घे, असं नाही म्हणाले.
म्हणाले, टाच घे.

उतरताना जास्त कठीण.
पुढची खोबण दिसतच नाही,
पाय आंधळ्यासारखा चाचपतो.
कहसाय माझ्या खाली, पायरीपायरीने.
त्याची टाच कोण धरत होतं
ते मी विचारलं नाही.

उंबराखाली हागोसने चपलेची तार
नव्याने पिळून ठेवली होती.
पोरीकडे बघून म्हणाला, भिजली की गं ही!

संध्याकाळी डोंगरामागे काहीतरी गडगडलं.
मी भांडं जमिनीवर ठेवलं.
दोन्ही टाचा मातीत दाबल्या.
थोडा वेळ गेला.
मग भांडं उचललं
आणि पाणी आणायला गेले.