घोडी

कालपासून उभी आहे ओम्नी,
सायलेन्सर आता हाताला गार लागतो.
आठवडाभर खडखडत होता,
शाळेची अकरा पोरं त्या तालावर
पाढे म्हणायची, बेसूर.
आज रविवार. पट्टी बदलायची.

अंगण सपाट दिसतं, पण नाही.
पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहिली,
ती गोठ्याकडे घरंगळली.
गाडी दोन हात पुढे घेतली, पुन्हा बाटली.
या खेपेला पडून राहिली शहाण्यासारखी.

हँडब्रेक ओढला, गिअर टाकला,
तरी समाधान नाही,
कारण शालिक मिस्त्रीनं एकदा विचारलं होतं,
पान्ह्यानं पाठ खाजवत:
"मांगून उचलशीन त गाडीले कोन धरीन वो बाई?"
मी म्हटलं ब्रेक. मी म्हटलं गिअर.
"दोघंई मांगच्याच चाकाचे नोकर.
चाक हवेत, त नोकर हवेत.
मंग?"

मग दगड.
पुढच्या चाकांना, पुढून आणि मागून,
पाचरीसारखे बसवून, वरून टाचेनं ठोकून.

आमची माती काळी.
कापूस तिच्यात उभा राहतो, लोखंड नाही.
मागच्या वर्षी जॅक असा आत उतरला
जणू विहीर खणायला निघालाय.
तेव्हापासून मोडक्या बंडीच्या सागवानी फळ्या,
जॅकखाली एक, घोड्यांखाली दोन.
विटा नाहीत. वीट भिंतीत इमानदार,
गाडीखाली फुटते, आणि फुटायच्या आधी सांगत नाही.

दांडा फिरतो. एक बाजू, मग दुसरी.
टायरचा दबलेला गाल हळूहळू गोल होतो.

घोडी म्हणजे
ट्रॅक्टरच्या पाइपाची तिपाई, शालिकनंच जोडलेली,
अंगाला ग्रामपंचायतीच्या गेटचा उरलेला निळा रंग.
चासीच्या जाड पट्टीखाली लावायची, पत्र्याखाली नाही,
मग जॅक सोडायचा
भार तिच्यावर येईपर्यंत.
"जॅक म्हंजे पाव्हना.
हात लावू लागते, चहा पेते, जाते.
त्याच्या भरोशावर कोनी झोपते का?
घोडी घरची."

हे सांगताना त्याचा डावा हात खिशात असायचा.
त्या हाताला तीनच बोटं.
मी विचारलं नाही. गावात दोन-तीन गोष्टी सांगतात,
सगळ्यांत जॅक आहे.

आत शिरण्याआधी ढकलायची.
खांद्यानं, जुना डाव धरल्यासारखी.
पडायची असेल तर आत्ता पड, मी बाहेर आहे.
"आई, गाडीशी भांडून राहिली का?"
आचल हसते.
हो.

मग पोत्यावर पाठ.
वर वाळका चिखल, एक्सलला गुंडाळलेला कापसाचा धागा.
आचलच्या हाती टॉर्च, बाहेरूनच.
तिला सांगितलंय: हात आत नाही, पाय आत नाही,
चेंडू आत गेला तर चेंडू गेला.

गंजका नट. पान्हा. अजून जोर.

ठक्.

उजेड थरथरला.
जॅक, नुसता सोबतीला टेकवून ठेवलेला,
फळीवर आडवा पडला होता.
गाडी तिथंच.
नाकापासून वीतभर वर तोच गंज, तोच धागा.
"आई?"
"आहे."
"बाहेर ये."

आले. उकिडवी बसले.
निळ्या लोखंडावर हात ठेवला,
बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.
ते थंड होतं, आणि माझ्याकडे बघत नव्हतं.

नट अर्धाच निघाला होता.
जॅक पुन्हा टेकवला, दगड पुन्हा ठोकले.
खांदा लावायला गेले, तर आचल म्हणाली, आता मी.
आणि तिनं ढकलली,
माझ्याहून जोरात.

सोमवारी वळणावर पोरं म्हणाली,
काकू, आज गाडी मुकी झाली.
पाढे मात्र तसेच,
बेसूर.