एमएच बावीस

वसमत रोडला, टायरच्या दुकानावर आमचा क्लास.
खाली पंक्चर, वर जावास्क्रिप्ट.
एअर कॉम्प्रेसर सुरू झाला की गिराम सर थांबायचे,
बंद झाला की उघडा राहिलेला कंस मिटायचे.

सहा महिने. पंचेचाळीस हजार, दोन हप्त्यांत.
जिन्यात फ्लेक्स: टाय बांधलेला एक पोरगा,
मागं काचेची इमारत, डोक्यावर सहा लाखांचं पॅकेज.
तो कोणत्या बॅचचा, कुणालाच ठाऊक नव्हतं.
तहसीन म्हणायची, फोटो विकत मिळतेत गं असले.

पप्पा स्टेशन रोडला नंबर प्लेटा रंगवायचे.
पांढऱ्यावर काळं. एमएच बावीस,
पुढचे आकडे ज्याच्या त्याच्या नशिबाचे.
"एक आकडा चुकला की गाडी दुसऱ्याची," म्हणायचे.
मी म्हणायचे, आमच्याकडंबी तसंच,
एक अर्धविराम, अन् अख्खं पान कोरं.
त्यांना ते आवडायचं.
गिऱ्हाइकाला थांबवून सांगायचे.

मग प्लेटा कारखान्यातून ठोकून येऊ लागल्या.
ब्रश थिनरच्या डब्यात उभे राहिले,
ते उभेच.

पुण्याची मुलाखत क्लासमधूनच दिली, घरी रेंज नाही.
फळ्यावर पांढरी चादर बांधली, वर इस्त्रीचा ड्रेस,
खाली रोजचीच सलवार.
"हा कोड तर आता मशीनच लिहितं.
तुम्ही वेगळं काय कराल?"
तेवढ्यात खाली कॉम्प्रेसर सुरू झाला.
मी तो बंद व्हायची वाट पाहिली.
त्यांनी नाही पाहिली.

बनी तो बनी, नहीं तो परभणी.
आम्ही हे हसत सांगतो, पाहुण्यांना, चहासोबत.
त्या रात्री मी ते
न हसता म्हणून बघितलं.

बावन्न अर्ज. तीन उत्तरं.
त्यातलं एक, तीन महिने बिनपगारी.
तहसीन हैदराबादला गेली, कॉल सेंटरात,
रात्री एकला विचारते, जेवलीस का?
फ्लेक्सवरच्या पोराचा टाय
उन्हानं निळ्याचा पांढरा झालाय.

मी सध्या मोंढ्यात, वजनकाट्यावर.
साडेनऊ हजार, रविवारी अर्धा दिवस.
काट्याचं सॉफ्टवेअर कुणी लिहिलं, पत्ता नाही.
पावती निघताना
क्विंटलच्या दशांशातला शेवटचा आकडा गिळायचं.
गाडीमागं कधी दोन किलो, कधी आठ.
सोयाबीन कुठं जात नव्हतं,
आकडा जात होता.

काल दुपारी, शेठ जेवायला गेले तेव्हा,
ती ओळ सापडली. बदलली.
दहा वेळा रिकामी ट्रॉली चढवून बघितली.

"काय केलंस आज?" पप्पांनी विचारलं.
एक आकडा पुसला जायचा, म्हटलं, परत लिहिला.
"शेठला सांगितलंस?"
नाही अजून.

ते काही बोलले नाहीत.
ब्रशांचा डबा उचलून वास घेतला,
अन् म्हणाले,
थिनर आणावं लागंल थोडं.